फवारणीच्या औषधावर मराठी. पोटात घ्यायच्या औषधावर का नाही?

काजूच्या मोहरावर फवारायचे औषध लाटंबार्सेच्या बागायतदाराने म्हापशाहून आणले काय किंवा दोडामार्गच्या बाजारातून आणले काय, डब्यासोबत घडी घातलेला एक कागद आला पाहिजे. किती पाण्यात किती औषध मिसळावे, फवारताना कोणती काळजी घ्यावी, चुकून पोटात गेल्यास काय करावे, हे त्या कागदावर सांगितलेले असते. हा मजकूर स्थानिक भाषेत असतो तो कंपन्यांच्या उदारपणामुळे नव्हे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच तशी सक्ती आहे. डब्यावरची माहिती आणि आतले पत्रक हिंदी, इंग्रजी आणि ज्या भागात माल विकला जाणार त्या भागातील एक किंवा दोन भाषांत छापले पाहिजे, असे तो नियम सांगतो.

आता त्याच बागायतदाराच्या घरातली माणसांच्या औषधांची पिशवी उघडून पाहावी. आईची रक्तदाबाची गोळी, स्वत:ची साखरेची गोळी, नातवाच्या तापाची बाटली, खोकल्याचे औषध. नाव बहुधा इंग्रजीत, मात्रा इंग्रजीत, मुदत इंग्रजीत आणि लहान मुलांना देऊ नये हा इशाराही इंग्रजीतच. शिवाय अक्षर असे की तरण्या डोळ्यांनाही भिंग लागावे. माणसांच्या औषधांचे नियम १९४५ चे आहेत. वेष्टनावर काय काय छापावे याची लांबलचक यादी त्यांत आहे, परंतु ते रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत छापावे अशी सर्वसाधारण सक्ती नाही. झाडावर मारायच्या औषधासाठी जी काळजी शासनाला सुचली, ती माणसाच्या पोटात जाणाऱ्या औषधासाठी सुचू नये, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की शाळा, दुकानांच्या पाट्या, जमिनीचे उतारे आणि कचेरीतले अर्ज यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण औषधाची पुडी या चर्चेत कधी येत नाही. वस्तुत: पाटी वाचता आली नाही तर माणूस दुसऱ्याला विचारतो आणि पुढे जातो; औषधावरचा मजकूर वाचता आला नाही तर चूक थेट शरीरात जाते. म्हणूनच लाटंबार्सेसारख्या गावाच्या निमित्ताने हा विषय येथे मांडायचा आहे.

एक परिसर, दोन व्यवस्था

लाटंबार्से हे डिचोली तालुक्यातील गाव महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्याला लागून आहे. सोयरीक, जत्रा, बाजार, कामधंदा यांसाठी दोन्ही बाजूंचे लोक रोज ये-जा करतात. आजारही तसाच ये-जा करतो. व्यवस्था मात्र दोन आहेत. अलीकडचे सरकारी दवाखाने गोव्याच्या आरोग्य संचालनालयाच्या हाताखाली चालतात. पलीकडे साटेली-भेडशी किंवा तळकट येथील प्राथमिक आरोग्य केंद्रे सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेकडे आहेत आणि वरचा कारभार मुंबईहून चालतो. एका बाजूला औषध नसल्याची तक्रार पणजीच्या दारात न्यावी लागते, तर दुसऱ्या बाजूला ओरोसच्या.

मोठा आजार आला की दोन्ही बाजूंच्या माणसाची वाट एकच, ती म्हणजे बांबोळी. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाला आपल्याकडे कोणी लांब नावाने ओळखत नाही. ‘बांबोळीला नेला’ एवढे म्हटले की काय ते समजते. २०१८ च्या आरंभी गोवा शासनाने परराज्यातील रुग्णांना तेथे शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राने आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार नि:शुल्क केले. गोव्याने २०१६ मध्येच दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली होती. पैशाच्या प्रश्नावर निदान भांडण झाले, बैठका झाल्या, काही निर्णय निघाले. परंतु मिळालेल्या औषधाचे करायचे काय, हे रुग्णाला त्याच्या भाषेत लिहून मिळावे, यासाठी कधी मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही.

दोन नावे, एकच गोळी

सीमेवरच्या रुग्णाला एक धोका असतो, जो आतल्या गावांना तितकासा जाणवत नाही. समजा, एखाद्या वृद्धाला बांबोळीहून साखरेसाठी ग्लिमेपिराइड ही गोळी लिहून दिली. महिन्याने ती संपली, म्हणून तो जवळच्या दवाखान्यात गेला. तेथे तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने मिळाली. जुन्या पाकिटात चार गोळ्या उरलेल्या होत्या. दोन्ही पाकिटांचे रंग वेगळे, मोठ्या अक्षरातली नावे वेगळी. घरच्यांचा समज असा की ही दोन वेगळी औषधे आहेत, म्हणून दोन्ही सुरू राहिली. ग्लिमेपिराइडची मात्रा दुप्पट झाली की रक्तातील साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस बरळू लागतो आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर बेशुद्ध पडतो. रक्तदाबाच्या गोळीचेही तसेच आहे. गोळी एकच, नावे दोन आणि मात्रा दुप्पट. उठताना चक्कर येऊन म्हातारा माणूस पडला की त्याचे खापर वयावर फोडले जाते.

यावर उपाय म्हणजे औषधाचे मूळ नाव, ज्याला डॉक्टर जेनेरिक नाव म्हणतात, ते रुग्णाच्या ओळखीचे होणे. कंपनी बदलली, दवाखाना बदलला, राज्य बदलले, तरी मूळ नाव बदलत नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या नियमांत दुरुस्ती करून डॉक्टरांनी मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत औषध लिहावे असे सांगितले. ही सुधारणा चांगलीच होती. पण सुवाच्य इंग्रजी ही दुकानदाराची सोय झाली. ज्याने गोळी घ्यायची, त्याला ‘ग्लिमेपिराइड’ हे नाव देवनागरीत दिसले तरच दोन पाकिटे शेजारी ठेवून तो ताडून पाहू शकेल.

मात्रेतल्या चुका

आणखी काही उदाहरणे रोजच्या घरातली आहेत. जुलाबावर देतात त्या क्षारसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचे असते. लहान पाकिटे २०० मिलिलिटर पाण्यासाठी असतात. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजले तर मिठाचे प्रमाण वाढते आणि जे बाळाला तारायचे तेच त्याला मारक होऊ शकते. तापाच्या पॅरासिटामॉलचे थेंब आणि पातळ औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. पातळ औषधाचा चमचा समजून थेंबांच्या बाटलीतले पाच मिलिलिटर पाजले, तर १२५ च्या जागी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध पोटात जाते. संधिवातावरची मेथोट्रेक्झेट ही गोळी बहुतेकांना आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेल्याने रुग्ण दगावल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. आठवड्यातून एकदा, हे दोन शब्द रुग्णाच्या भाषेत लिहिलेले असणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून कळावे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन ही दोन द्रव्ये एकत्र असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्यास सांगितले. हा इशारा खरे तर आईसाठी आहे. घरात औषध पाजणारी तीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील विषारी द्रव्यामुळे वीसहून अधिक बालके दगावल्याचे उघड झाले, तेव्हा राज्याराज्यांतून सूचना निघाल्या, की अमुक नावाची, अमुक बॅचची बाटली घरात असेल तर वापरू नका. सूचना वर्तमानपत्रात मराठीत आली. बाटलीवरचे नाव आणि बॅच क्रमांक शोधायचा तो इंग्रजीत. शिकलेल्या घरांनी तो शोधला असेल. बाकीच्यांनी काय करायचे होते?

माकडतापाने शिकवलेला धडा

सीमाभागाने ही अडचण एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातील पाली गावात आणि २०१६ च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातील केर गावात दिसला. पुढे बांदा परिसरातही त्याने थैमान घातले. गोव्यातील काजू बागायतीत कामाला आलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांनाही २०१६ मध्ये त्याने गाठले. तीन राज्ये, तीन आरोग्य खाती आणि रुग्ण मात्र एकाच डोंगररांगेतले.

या तापावर खास असे औषध नाही. गोचीड चावू नये म्हणून जंगलात जाण्यापूर्वी अंगाला तेल लावायचे, ताप येताच दवाखाना गाठायचा आणि अंगदुखीची कुठलीही गोळी मनाने घ्यायची नाही, हीच सारी भिस्त. रक्तस्रावाचा संभव असल्याने अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या टाळून साधे पॅरासिटामॉल घ्यावे, असा वैद्यकीय सल्ला असतो. आता आपल्या दुकानांतून ‘तापाची गोळी द्या’ म्हटल्यावर जी पाकिटे मिळतात, त्यांत नुसते पॅरासिटामॉल कोणते आणि आयब्युप्रोफेन मिसळलेले कोणते, हे पाकिटावरचे इंग्रजी वाचल्याखेरीज समजत नाही. त्या वेळी वापरात असलेली लसही एका टोचणीत पुरी होणारी नव्हती. महिन्याच्या अंतराने दोन, मग सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी आणि त्यानंतर वर्षावर्षाला, असे तिचे वेळापत्रक होते. पुढे तिचा प्रभाव अपुरा ठरला आणि २०२२ मध्ये ती बंद झाली. असे गुंतागुंतीचे वेळापत्रक काजूच्या हंगामात डोंगरावर राबणाऱ्या माणसाने तोंडी ऐकून ध्यानात ठेवावे, ही अपेक्षाच अवाजवी होती.

कायदा काय म्हणतो?

कायद्याचा आधारच नाही, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरीतील कोकणी राजभाषा झाली आणि त्याच कायद्याने शासकीय कामकाजात मराठीच्याही वापराची तरतूद केली. घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला, त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिलेला आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर याहून स्पष्ट आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार शासकीय कार्यालयांनी आपणहून माहिती जाहीर करायची असते आणि ती जाहीर करताना स्थानिक भाषा व त्या भागात परिणामकारक ठरणारे माध्यम यांचा विचार करायचा असतो. दवाखान्यात कोणती औषधे आहेत ही शासकीय माहितीच आहे. ती इंग्रजी नोंदवहीत किंवा संगणकात ठेवून हा कायदा पाळला असे होत नाही.

औषध देणाऱ्याचेही कर्तव्य ठरलेले आहे. भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या २०१५ च्या व्यवसाय नियमांनुसार फार्मासिस्टने रुग्णाला औषध कसे घ्यावे, ते कसे ठेवावे, त्याचा त्रास काय होऊ शकतो, हे समजावून सांगायचे असते. समजावून सांगणे म्हणजे समोरच्याला समजेल अशा भाषेत सांगणे, याला वेगळा नियम लागू नये.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने १९५६ पासून मान्य केलेल्या संरक्षणांत असे आहे की, ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात. गेली कित्येक वर्षे आपण हे संरक्षण फलक आणि मतदार याद्यांसाठी मागत आलो. सरकारी दवाखान्यातली औषधविषयक सूचना ही महत्त्वाची शासकीय सूचना नाही, असे कोण म्हणेल?

परदेशी भाषेला जागा आहे, आपल्या भाषेला नाही

वेष्टनावर जागा नसते, छपाई महाग होते, इतक्या भाषा कुठे छापायच्या, असे उत्तर नेहमी मिळते. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार औषध ज्या देशात विकायचे, त्या देशाच्या अधिकृत भाषेत त्याचे वेष्टन आणि आतील पत्रक असावे लागते. बेल्जियम हा देश महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा, पण तेथे डच, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषा अधिकृत असल्याने औषधाबरोबर तिन्ही भाषा येतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१६ पासून इंग्रजीखेरीज पाच भाषांत औषध घेण्याच्या सूचना पुरवण्याची व्यवस्था आहे.

हे दूरदेशीचे कौतुक म्हणून सांगत नाही. वेर्णा, पिळर्ण, कोलवाळ येथील औषध कारखान्यांत आपलीच मुले पाळ्यांमध्ये राबतात आणि गोव्यात बनलेली औषधे परदेशांतही जातात. जो उद्योग फ्रान्सला जाणाऱ्या खोक्यासाठी फ्रेंच आणि जर्मनीला जाणाऱ्या खोक्यासाठी जर्मन जुळवू शकतो, त्याला कारखान्यापासून दोन तासांच्या आतल्या गावांची भाषा जुळवता येत नाही, हे पटणारे नाही. त्याला तसे कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

कोकणी की मराठी, हा वाद येथे नको

गोव्यात भाषेचे नाव काढले की जुन्या जखमा उघड्या होतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे ६६ टक्के लोकांनी कोकणी आणि सुमारे ११ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. या आकड्यांवरून मराठी सूचनांची गरजच काय, असे कोणी विचारील. पण जनगणना घरी बोलायची भाषा मोजते, वाचायची भाषा मोजत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरीत घरात कोकणी बोलणारी आणि वर्तमानपत्र, पोथी, लग्नपत्रिका मराठीत वाचणारी कुटुंबे किती आहेत, हे येथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

सुदैवाने औषधाच्या चिठ्ठीपुरता हा वाद उद्भवतच नाही. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी. औषधाचे मूळ नाव देवनागरीत लिहिले की ते दोघांचेही झाले. ‘सकाळी, दुपारी, रात्री’, ‘जेवणाआधी, जेवणानंतर’, ‘किती दिवस’ एवढे आठ-दहा शब्द दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापले तरी हाताएवढा कागद पुरतो. आपल्याला मराठी हवी म्हणून कोकणीला विरोध करण्याचे कारण नाही. आणि कोकणीचा कैवार घेणाऱ्यांनीही आजारी माणसाच्या कागदावर वाद घालू नये. आजवर दोघांच्या भांडणात सोय झाली ती इंग्रजीचीच.

मात्र चिठ्ठीवरची मराठी कोणती, याचा विचार केला पाहिजे. शासकीय परिभाषेतले ‘प्रतिजैविक’, ‘सेवनमात्रा’, ‘भोजनोत्तर’ असले शब्द छापून ठेवले तर इंग्रजीपेक्षा ते फारसे सोपे होणार नाहीत. ‘जेवल्यावर घ्या’, ‘उपाशीपोटी घ्या’, ‘बरे वाटले तरी गोळ्या पुऱ्या करा’, ‘आठवड्यातून एकदाच’ ही खरी चिठ्ठीची भाषा. औषधांच्या नावांचे भाषांतर तर मुळीच करू नये. ती जशीच्या तशी देवनागरीत लिहावीत. आणि असा प्रत्येक मजकूर छापण्यापूर्वी डॉक्टरांच्या नजरेखालून गेलाच पाहिजे, कारण चुकीचे मराठी हे न वाचलेल्या इंग्रजीपेक्षा घातक ठरेल.

औषध संपले, हे कोणी सांगायचे?

भाषेइतकाच महत्त्वाचा प्रश्न साठ्याचा आहे आणि तो भाषेपासून वेगळा नाही. आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्राच्या पातळीवर १०५ आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर १७२ औषधे उपलब्ध असावीत, असे प्रमाण केंद्राने घालून दिले आहे. या यादीतले काय आहे आणि काय संपले आहे, हे रुग्णाला खिडकीपाशी पोचल्यावर कळते. ‘बाहेरून घ्या’ असे सांगितले की तो निमूट मेडिकलची वाट धरतो. भारतात लोक स्वत:च्या खिशातून आरोग्यावर जो खर्च करतात, त्यात औषधांचा वाटा सर्वांत मोठा आहे. तेव्हा या दोन शब्दांची किंमत लहान नाही.

सार्वजनिक औषध व्यवस्था नीट चालवता येते, हे तामिळनाडूने दाखवले आहे. १९९४ मध्ये तेथे वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. खरेदी एके ठिकाणी, गोदामे जिल्ह्याजिल्ह्यांत आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे पासबुक. दवाखान्याने आपल्या वाट्याच्या रकमेतून गोदामातून औषध उचलायचे आणि पासबुकात नोंद करायची. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू केली, तीही अशाच मध्यवर्ती खरेदीच्या बळावर. महाराष्ट्राने हाफकिनमार्फत खरेदीचा प्रयोग करून पाहिला आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. या साऱ्या सुधारणा वरच्या पातळीवरच्या आहेत. खालच्या टोकाला रुग्णाच्या हाती पासबुक नाही. त्याच्यासाठी दवाखान्याच्या भिंतीवरचा फळा हेच पासबुक ठरू शकते.

पंचायतीने काय करावे?

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींकडे सोपवण्याजोग्या २९ विषयांची जी यादी दिली, तिच्यात दवाखाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांसह आरोग्याचा विषय स्पष्टपणे नोंदलेला आहे. गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ चा. तरीही औषधाची थैली संचालनालयाकडे आणि पंचायतीकडे फक्त फवारणी व साफसफाई, अशीच वाटणी राहिली. अधिकार मिळतील तेव्हा मिळोत. आज हाती असलेल्या साधनांतही लाटंबार्सेसारख्या पंचायतीला चार गोष्टी करता येतील.

पहिली, ग्रामसभेत मराठीतून ठराव घ्यावा, की गावाला सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्यात उपलब्ध औषधांची यादी देवनागरीत लावावी आणि जे औषध संपले असेल त्यापुढे तसे लिहावे. ठरावाला माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाचा हवाला द्यावा. ठराव संचालनालयाला पाठवून लेखी उत्तर मागावे.

दुसरी, औषध देताना वापरायच्या कागदी पुड्या छापून घ्याव्यात. पुडीवर सूर्य, ताट आणि चंद्र यांची चित्रे, त्याखाली देवनागरीत वेळा आणि मूळ नावासाठी एक मोकळी ओळ. वाचता न येणाऱ्यांची सोय चित्रांनी होते. घाईत असलेल्या फार्मासिस्टला फक्त खुणा करायच्या उरतात. खर्चासाठी दूर जायला नको. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावोगावच्या आरोग्य व स्वच्छता समित्यांसाठी मुक्त निधीची तरतूद आहे. तो प्रारंभी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत होता. पुड्या आणि रबरी शिक्के यांना त्याहून जास्त रक्कम लागू नये.

तिसरी, प्रत्येक कायमच्या रुग्णासाठी एक औषध-वही असावी. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स असलेल्यांच्या वहीत मूळ नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, मात्रा, वेळ आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, हे लिहिलेले असावे. बांबोळीला असो, म्हापशाला असो की दोडामार्गच्या ग्रामीण रुग्णालयात, रुग्णाने ही एकच वही पुढे करायची. दोन राज्यांची आरोग्य खाती एकमेकांशी बोलतील तेव्हा बोलतील. तोवर ही वही बोलेल.

चौथी, जनऔषधी केंद्राचा विचार व्हावा. नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथे पहिले केंद्र उघडले आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी देशातील दहा हजारावे केंद्र देवघरला सुरू झाले. जून २०२३ मध्ये केंद्राने २,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांना अशी केंद्रे उघडू देण्याचे ठरवले. जागा १२० चौरस फूट पुरते; मात्र नोंदणीकृत फार्मासिस्ट असल्याखेरीज दुकान चालवता येत नाही आणि खरी अडचण तीच असते. गावातली एखादी मुलगी किंवा मुलगा औषधशास्त्राची पदविका घेऊन घरी बसला असेल, तर सोसायटीने त्याच्याशी बोलावे. तेथे मिळणारी औषधे मूळ नावानेच विकली जातात, हा आणखी एक फायदा.

वेष्टनावरच स्थानिक भाषा यावी, हे काम पंचायतीचे नाही. ते दिल्लीचे आहे. त्यासाठी १९४५ च्या औषध नियमांत दुरुस्ती लागेल. कीटकनाशकांच्या नियमांतले वाक्य जवळपास तसेच उचलले तरी पुरेल. उत्तर गोवा, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि बेळगाव या तिन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, ही मागणी लोकसभेत एका सुरात मांडायला हरकत नसावी. सीमाभागाच्या ज्या मागणीला कोणत्याच राज्याचा विरोध होण्याचे कारण नाही, अशी ही विरळा मागणी आहे.

तोवर वाचकांनी एक गोष्ट आजपासून करावी. खिडकीवरून औषध घेताना हात पुढे करण्याआधी औषधाचे मूळ नाव आणि घेण्याची वेळ देवनागरीत लिहून मागावी. लिहून मिळाले नाही तर तेथेच, समोर उभे राहून, विचारून स्वत: लिहून घ्यावे. आणि पुढच्या ग्रामसभेला जाताना घरातली औषधांची पिशवी सोबत न्यावी. ती सर्वांसमोर उघडून दाखवली की ठरावाला सूचक आणि अनुमोदक शोधत बसावे लागणार नाही.